भामाचा अंगठा

आमच्या भामाच्या हाती कुणी हात देऊ नये, असं मी गल्लीभर सांगायचे. दिला की मेलात. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मऊ जागेवर तिचा अंगठा असा रुतायचा की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि वर ही बया विचारणार, "उतरलं ना डोकं?" उतरेल नाही तर काय! हातच एवढा ठणकतो, डोक्याची आठवण कुणाला राहतेय?

भामा माझी धाकटी जाऊ. तंजावुरात मेल वीदी रस्त्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. दोघी विधवा. तिचा मुलगा विघ्नेश आणि सून कीर्तना, एवढंच आमचं माणूसबळ.

गुडघे धरले म्हणून ती एकदा लग्नं लागतात त्या कल्याण मंडपातल्या शिबिराला गेली. तिथं मदुरैचा कुणी माणूस चिनी वैद्यकातले बिंदू शिकवत होता. कुठं दाबलं की डोकं थांबतं, कुठं दाबलं की झोप लागते, मळमळ जाते. गोळी नको, काढा नको, आपला अंगठा आणि आपलंच अंग. भामाला हे इतकं मानवलं की विचारू नका! तिथून आणलेला तमिळ तक्ता तिनं स्वयंपाकघरात कॉफीच्या डब्यांवरच चिकटवला. सकाळी दूध तापेपर्यंत गुडघ्याखालची जागा दाबायची, मग कानाच्या पाळ्या चोळायची, मग तळहात. टाउन बसमध्येसुद्धा मनगट दाबत बसायची. कंडक्टरला वाटायचं, बाईंना काही होतंय. गुडघे खरंच हलके झाले की तिला तसं वाटलं, देव जाणे. पण तिची चिडचिड कमी झाली, हे मला कबूल करावं लागतं.

मग गल्लीतल्या बायका येऊ लागल्या. मी तिची कितीही टर उडवू दे, भामा बेफिकीर नव्हती. तक्त्याच्या तळाशी लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, की गरोदर बाईनं हातावरचा तो बिंदू आणि घोट्याच्या वरचा बिंदू दाबायचा नाही. म्हणून तरुण बाई आली की ही आधी विचारायची, "पोटात काही आहे का गं?" मगच अंगठा.

विचारलं नाही ते फक्त कीर्तनाला.

का, तर आमच्या घरची रीत! तिसरा महिना भरेपर्यंत सुनेनं ब्र काढायचा नाही आणि सासूनं विचारायचं नाही. नुसतं विचारलं तरी नजर लागते म्हणतात. लग्न झाल्या झाल्या भामानं तिला हे बजावलं, आणि मीही शेजारी बसून मान डोलावली. कीर्तना पापनाशमची, आपल्याच लोकांतली, इथं एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला. पोर शहाणी. मान खाली घालून 'बरं' म्हणाली.

यंदा उन्हाळ्यात तिचं डोकं उठायला लागलं. ऑफिसातून आली की कपाळ धरून बसायची. भामानं तिला जागा दाखवली, म्हणाली, स्वतःचं स्वतः दाब. पोरगी नुसतं बोट फिरवायची.

"अगं, हे दाबणं म्हणायचं की गोंजारणं?" म्हणत भामानं एक दिवस तिचा हात ओढला आणि आपणच दाबायला बसली. मग ते रोजचंच झालं. हात झाला की पाय. कीर्तना ओठ घट्ट मिटून बसायची.

"सोड गं तिला, रडवशील," मी म्हटलं.

"अक्का, तुम्हाला काय कळतंय? ही का सून आहे? लेक आहे माझी. हक्कानं दाबून घेते."

गेल्या शुक्रवारी सकाळी मी मागल्या दारी भांडी विसळत होते. कीर्तना आली ती भिंत धरत. चेहरा पांढराफटक.

"मोठ्या आत्याबाई, रक्त दिसलं."

मला वाटलं पाळी आली. ती म्हणाली, "तसं नाही. मला दिवस गेलेत. दुसरा सरत आलाय."

वळून बघते तर दारात भामा. सगळं ऐकलेलं. तशीच तक्त्यापाशी गेली, लाल ओळीवरून बोट फिरवलं आणि मटकन खाली बसली.

"अक्का, मी मारलं हो. माझ्या हातानं मारलं."

"गप! अभद्र बोलशील तर बघ. ऊठ, ऑटो बोलाव!"

विघ्नेश तिरुचीला कामावर गेलेला. आम्ही तिघीच निघालो. रस्त्यातला एकेक खड्डा माझ्या काळजात जात होता. भामा कीर्तनाच्या शेजारी बसली होती, पण अंग चोरून, आपला साधा पदरही तिला लागू नये अशी.

मेडिकल कॉलेज रोडवर एक लेडी डॉक्टर आहेत. त्यांनी कीर्तनाला आत नेलं आणि आम्हाला बाकावर बसवलं. भामाचा अंगठा आपसूक मनगटाकडे गेला. जीव घाबरला की ती तिथंच दाबते. भानावर आली तसा तिनं हात मांडीखाली सारला.

"एवढा वेळ का लागतोय? अक्का, आतून आवाज का येत नाही?"

मला काय ठाऊक? मला भामाचा राग येत होता, त्या मदुरैच्या माणसाचा येत होता, आमच्या रीतीचा येत होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. मनातल्या मनात खंडोबाला नवस बोलत होते, तोही धड आठवेना.

शेवटी बोलावलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्यात काहीतरी लुकलुकत होतं.

"ठोके आहेत," डॉक्टर म्हणाल्या.

भामा ढसाढसा रडली आणि रडत रडतच सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "दाबल्यामुळंच असं झालं, असं मी म्हणणार नाही. सुरुवातीला काही जणींना थोडं रक्त दिसतं. पण आता काही दाबू नका. पूर्ण विश्रांती, आणि पुढच्या आठवड्यात परत दाखवा. तोवर खात्रीनं काही सांगता येत नाही."

म्हणजे टांगणी सुटलीच नाही. बाहेर ऑटो स्टँडवर भामा सुनेला म्हणाली, "माझे बाई, मला ठाऊक असतं तर बोटसुद्धा लावलं नसतं गं."

"मला ठाऊक होतं," कीर्तना म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"लाल ओळ. रोज कॉफी करताना समोरच असते ना."

"मग हात ओढून घ्यायचास! मी काय बांधून ठेवलं होतं?"

"तुम्ही विचारलं असतंत, का म्हणून. मग सांगावं लागलं असतं. सांगायचं नाही म्हणाला होतात."

अय्यो देवा! म्हणजे रोज संध्याकाळी तो अंगठा रुतत असताना ही पोर ओठ मिटून भीत बसायची, आणि आम्हाला वाटायचं, डोकं दुखतंय.

"माझी एवढी भीती वाटते तुला?" भामानं विचारलं.

ती नाही म्हणेल म्हणून मी वाट बघत राहिले. कीर्तना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग भामानं कीर्तनाला आधी ऑटोत बसवलं, मला बसवलं, आणि स्वतः चढायच्या आधी ड्रायव्हरला तमिळमध्ये ओरडून म्हणाली, "हळू चालव रे बाबा. माझी सून पोटुशी आहे!" स्टँडवरच्या झाडून सगळ्यांनी वळून बघितलं. तिसरा भरला नव्हता, रीत मोडली होती, पण मी तिला गप्प केलं नाही.