पिवळं पाणी

नंदाखाल गावातल्या आमच्या केळीच्या वाडीमागे मी चारशे कोंबड्यांची शेड घातली, तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझ्या कोंबड्या म्हणजे काय सांगू. त्या आडव्या आल्या की गावातली कुत्री रस्ता बदलायची. एकीच्या तंगडीवर अर्नाळ्याचं अख्खं वऱ्हाड जेवलं, असं मी सांगायचो, आणि ऐकणारे मान डोलावत विचारायचे, "आणि दुसरी तंगडी?"

दुसरी मी आगाशीला पाठवलेली असायची.

कोंबड्यांच्या या बाळशाचं गुपित एका डब्यात होतं. पिवळी पूड. विकणाऱ्याने बजावलं होतं, कोंबडी आजारी पडली तरच चिमूटभर, तीही चार-पाच दिवस. मी म्हटलं, आजारी पडायची वाट कशाला बघायची? रोज सकाळी पिण्याच्या पाण्यात चमचा ढवळायचो. मर थांबली, वजन चढलं. शेडमधलं खत केळीच्या बुंध्यात जायचं, आणि उरलेलं मी आळीत वाटायचो, राजासारखं.

बाबा वाडीत चप्पल घालत नसत. वाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्या अंगावर चपला घेऊन कोण चढतो, हा आमच्याकडचा जुना रिवाज. पाटाचं पाणी वळवताना चिखलात नारळाच्या झावळीचा टोकदार सड त्यांच्या तळपायात शिरला. त्यांना साखरेचा आजार होता. दवाखान्यात न्यायचं सोडून मी जखम धुतली, डबा आणला आणि तीच पिवळी पूड चांगली दाबून भरली. आमच्याकडे कॅप्सूल फोडून जखमेत भरायची सवय घरोघरी होती. माझ्याकडे तर डबाच होता. जी चारशे जणींना पुरते ती एका पायाला पुरणार नाही का?

चौथ्या दिवशी पाय भोपळ्याएवढा झाला. यात अतिशयोक्ती नाही, बोटं दिसेनाशी झाली होती.

तुळिंजच्या एका लहान इस्पितळात त्यांना ठेवलं. डॉक्टरीणबाई तरुण, घाटावरच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, आधी काय लावलं होतं? मी म्हटलं, हळद. घरी जनावरं आहेत का? मी म्हटलं, चार कोंबड्या आहेत. आयुष्यात आकडा कमी करून सांगितला तो तेवढाच.

तीन दिवस इंजेक्शनं चालली आणि सूज घोट्याच्या वर चढली. मग पुवाचा तपासणीचा कागद आला. डॉक्टरीणबाई तो हातात धरून खाटेजवळ बसल्या. म्हणाल्या, या जंतूंवर निम्मी औषधं चालत नाहीत, आणि ही विद्या त्यांना कुणीतरी शिकवलेली आहे.

मी विचारलं, जंतूंची काय शाळा असते?

त्या हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं ते असं : आपल्याला जे मिळतं ते आईबापांकडून. जंतूंना तेवढं थांबावं लागत नाही. औषधातून वाचायची युक्ती ज्या जनुकात असते, त्याची नक्कल एक जंतू शेजारच्याला देऊन टाकतो, आणि शेजारी त्याच्या जातीचा असावा लागतोच असं नाही. कोंबडीच्या आतड्यातला निरुपद्रवी जंतू खतातून मातीत येतो, आणि तिथल्या भलत्याच, माणसाला मारणाऱ्या जंतूच्या हातात ती नक्कल ठेवतो. मग औषध पडत राहिलं की ज्याच्याकडे ती आहे तोच उरतो, तोच वाढतो.

"म्हणजे आंब्याने केळीला गोडी दिल्यासारखं झालं की, मॅडम," मी म्हटलं. अजून माझी जीभ चालतच होती.

"जंतूंमध्ये हे रोज होतं," त्या म्हणाल्या. "मोठ्या प्राण्यांत क्वचित, पण होतं. बाईच्या पोटात वार धरते, त्यासाठी लागणारं एक जनुक कोणे एके काळी विषाणूचं होतं. ते आपल्या पूर्वजांत शिरलं आणि राहिलं. तेव्हा हसू नका. कोंबड्यांना काय पाजत होतात ते कळलं तर कुठलं औषध वाया घालवू नये हे मला कळेल. नाहीतर परवा पाय गुडघ्याखाली कापावा लागेल."

मी तोंड उघडलं आणि त्यातून पुन्हा हळदच बाहेर येणार होती. बाबा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपलेत.

"सांग तिला," ते म्हणाले. "पानी पिवळं असायचं. मी रोज बघत होतो."

मग मी सांगितलं. पूड, चमचा, चारशे, जखम, सगळं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन ओळी खोडल्या आणि औषध बदललं. पाय वाचला, तीन बोटं गेली. तीन दिवस आधी बोललो असतो तर किती गेली असती, हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, ज्यांना ज्यांना खत दिलंस त्यांना सांगून ये.

मी आळीतली अकरा घरं फिरलो. म्हटलं, कोंबडीच्या पोटातले जंतू मातीतल्या परक्या जंतूंना विद्या देतात, उघड्या पायाने वाडीत जाऊ नका, जखम झाली तर पूड भरू नका. लोकांनी चहा दिला, मांडीवर थाप मारून हसले. शेवटच्या घरातले काका तर डोळे पुसत म्हणाले, तुझ्या आजवरच्या सगळ्या थापांत ही अव्वल. मी शपथ घेतली तसे ते आणखी हसले. मग वांग्याच्या वाफ्यात अनवाणी उतरले आणि तिथूनच हाक मारून म्हणाले, दोन गोणी खत अजून असेल तर उद्या पाठव.