मातीचा वजू आणि पिशवीतला कागद

गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझ्या ईमानाला कधी धक्का लागला नव्हता. रहिमतपुरात माझं शिलाईचं दुकान आहे, आणि मापाच्या बाबतीत मी जितका काटेकोर, तितकाच नमाजाच्या बाबतीतही. आपला दीन, म्हणजे धर्म, परिपूर्ण आहे, त्यात उणं काही नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि गिऱ्हाइकांनाही ऐकवत आलो. मग सांगलीला कायदा शिकणारी माझी लेक सुटीत घरी आली आणि एका संध्याकाळी जेवता जेवता तिने मला उभं-आडवं उसवलं.

ती म्हणाली, "अब्बा, धर्म पूर्ण आहे म्हणता, मग आजोबांच्या जमिनीत फुप्पीचा वाटा तुमच्या निम्माच का? आणि तो निम्माही तुम्ही तिच्याकडून लिहून घेणार. यातलं न्यायाचं कुठलं?"

तिचं खोटं नव्हतं. माझ्या अब्बांमागे आम्ही दोघंच, मी आणि जत तालुक्यात दिलेली माझी थोरली बहीण, म्हणजे लेकीची फुप्पी. मी तिला आपा म्हणतो. आमच्या भागात जात-धर्म न बघता सगळेच करतात तेच मी करणार होतो. बहिणीला एक चांगलं लुगडं द्यायचं आणि जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद करून घ्यायचा. बहिणीही माहेर तुटू नये म्हणून सही करतात. मी लेकीवर रागावलो. त्या दिवसापासून तिने नमाज सोडला. माझा चालूच राहिला, पण आतून कोरडा. सजद्यात डोकं टेकलं की तिचाच प्रश्न आठवायचा. एकीकडे धर्मावर शंका, दुसरीकडे लेक हातची जाते ही भीती. मला खरंच रडू यायचं.

तरीही मे महिन्यात मी लुगडं आणि कागद पिशवीत घालून निघालो. आपाला कागद दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत न्यायचं, असा बेत होता. आपाच्या गावच्या फाट्यावर एसटीने उतरवलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सवाऱ्या भरून नेणारी वडापची जीपही नव्हती. चालत निघालो, आणि अर्ध्या वाटेत चक्कर आली तसा एका बाभळीखाली बसलो. तिथे एक म्हातारी धनगरीण घागर घेऊन टँकरची वाट बघत होती.

"आवं पावणं, त्वांड सुकलंय की तुमचं," असं म्हणून तिने घागरीच्या तळाशी उरलेलं पाणी तांब्यात ओतून मला दिलं. तिच्यासाठी दोन घोट राहिले असतील. मी प्यायलो आणि जिवात जीव आला. दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायचे, तो वजू; पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकून चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायचे, वजू झाला, अशी सवलत आहे. मी तसं अगदी नियमाप्रमाणे केलं.

म्हातारी टक लावून बघत होती. नमाज झाल्यावर म्हणाली, "मातीनं बी चालतं व्हय तुमच्यात?"

"पाणी नसलं तर चालतं, आजी."

"मग लय भला देव हाय तुमचा. आमच्या जतचा दुष्काळ ठावं हाय त्याला." ती दात नसलेलं तोंड उघडून हसली. "आन चाललायसा कुटं?"

"बहिणीकडं."

"भैनीला काय घिऊन चाललायसा?"

"लुगडं," मी म्हणालो.

"आन?" तिने सहज विचारलं, जसं कुणीही विचारील. मी पिशवी जवळ ओढली. मातीचा नियम मी बोटाबोटाने पाळला होता, आणि पिशवीत त्याच दीनाने आपाला दिलेला हक्क काढून घेणारा कागद होता. ती माउली कोण, तिला कुणी बसवलं होतं तिथे, याच्या खोलात मी जात नाही. मी एवढंच जाणतो की त्या क्षणी माझी मान खाली गेली आणि मनातला हट्ट सुटला.

आपाने दारातच पिशवीकडे पाहिलं. "कागद आणलास न्हवं? दे, कुटं सही करू सांग." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. मी तिच्यासमोर कागद फाडला आणि म्हणालो, "आपा, जमीन दोघांची. अर्धी तुझी." ती पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. मीही रडलो.

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती वकील होणारी, लगेच म्हणाली, "पण धर्माच्या वाटणीने तर अर्धी बसत नाही." मी म्हणालो, "दीनाने ठरवलंय तेवढं तर द्यायचंच. माझ्या वाट्यातलं वर दिलं तर माझा हात कोण धरतो?" तिचा मूळ प्रश्न याने मिटला नाही, हे ती मला आजही ऐकवते आणि मी ऐकून घेतो. दीन परिपूर्ण असल्याचा दावा मी आता गिऱ्हाइकांपुढे करत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर, तो पाळणारा मीच अर्धामुर्धा होतो.

सातबाऱ्यावर आपाचं नाव लागलं त्या दुपारी मी वजूला बसलो, तर लेक शेजारी येऊन बाह्या सरसावू लागली. मी सरकून तिला जागा दिली. दोघांच्या हातांवर नळाचं पाणी पडत होतं, आणि मला म्हातारीचा तांब्या आठवत होता. नमाजाला उभं राहण्याआधी आता रोज मी स्वतःला तिचाच प्रश्न विचारतो, काय घेऊन चाललास?