करुणाचं सभासदत्व

डाळजच्या ज्ञानदेव गुरुजींची मुलगी करुणा पुण्याला नगर नियोजन शिकायला गेली, तेव्हा हे कसलं शिक्षण ते गावात कुणालाच नीट कळेना. गुरुजी विचारणाऱ्याला सांगायचे, "गाव कुठं वाढवायचं, रस्ता कुठून न्यायचा, हे आधी बसून ठरवावं लागतं. ते ठरवणारी ती." सांगताना त्यांचा आवाज आपसूक चढायचा. त्यांची सासुरवाडी उजनी धरणाच्या पाण्यात गेली होती, आणि तेव्हा तिथल्या लोकांना कुणी काही विचारलं नव्हतं.

शिक्षण संपल्यावर करुणा बारामतीत ऋषिराजच्या कार्यालयात लागली. गावांच्या विकास आराखड्यांची कामं तो ठेक्यानं घ्यायचा. माणूस गोड बोलणारा. करुणा गावोगाव हिंडून नकाशे करायची, पण बैठकीत तिनं तोंड उघडलं की अधिकारी उत्तर द्यायचे ते ऋषिराजकडं बघून. म्हणून तिनं नियोजनकारांच्या संस्थेचं सभासद व्हायचं मनावर घेतलं. मग आपल्या शब्दाला वजन येईल, वेळ पडली तर पाठीशी कुणीतरी उभं राहील, असं तिला वाटायचं.

त्यासाठी दोन जुन्या सभासदांची शिफारस लागायची. तिच्या ओळखीचा सभासद एकटा ऋषिराज. त्यानं आढेवेढे न घेता शिफारस दिली, दुसरीही मिळवून दिली. वर म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं संस्थेत यायलाच पाहिजेत." सभासदत्व मिळाल्याचं कळलं त्या दिवशी गुरुजींनी भिगवणहून पेढे आणून आळीभर वाटले.

पुढं भिगवणच्या बाजूच्या काही गावांचा आराखडा कार्यालयाकडं आला. त्यात उजनीतून उठून वर सरकलेली एक वस्ती होती. करुणाची मावशी अक्काबाई तिथंच राहायची. मधोमध बुद्धविहार, त्याच्यापुढं पटांगण, मागं घरांची रांग. नवा रुंद रस्ता करुणानं वस्ती सोडून कालव्याच्या अंगानं दाखवला. ऋषिराजनं नकाशा पाहिला, चांगलं झालंय म्हणाला, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर नियोजनकार म्हणून तिचं नाव घातलं. करुणानं खुशीनं सही केली. नकाशे सही झाल्यावर मागून जोडले जायचे.

काही आठवड्यांनी अक्काबाईचा फोन आला. "करुणे, पंचायतीत नकाशा लावलाय. तुजं नाव हाय म्हणत्यात त्याच्यावर. जरा येऊन जा."

मावशीला कौतुक वाटलं असेल, अशा समजुतीनं करुणा गेली. पंचायतीच्या भिंतीपाशी वस्तीतली दहा-पंधरा माणसं उभी होती. नकाशावरचा रस्ता कालवा सोडून सरळ वस्तीत शिरला होता. विहार तेवढा वाचला होता. पटांगण गेलं होतं, मागची घरं गेली होती. खाली करुणाचं नाव होतं, आणि नावापुढं संस्थेचं सभासदत्व.

"ताई, तुमीच काढलाय नव्हं ह्यो?" वस्तीतल्या रतननं हळूच विचारलं.

करुणा तशीच बारामतीला गेली. ऋषिराज शांतपणे म्हणाला, "कालव्याच्या अंगाला प्लॉट पडलेत, करुणाताई. वरून सांगणं आलं. अजून मंजूर कुठं झालंय, घेऊ दे की लोकांना हरकत."

"पण सही माझी आहे, सर."

"म्हणून तर काळजी नाही. तुम्ही तिथल्याच, वर संस्थेच्या सभासद. तुमच्या नकाशाला कोण नावं ठेवणार?"

शिफारस इतक्या सहज का मिळाली, ते करुणाला तेव्हा कळलं. तिनं त्याच दिवशी काम सोडलं.

मग ती पुण्याला संस्थेत गेली. तिथल्या वयस्कर चिटणीसांनी तिला बसवून सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला. "सभासद आणि त्याचं कार्यालय यांच्यात संस्था पडत नाही, बाई," ते म्हणाले. "आणि चौकशी लावलीच, तर आधी तुमची लागेल. सही तुमची आहे." निरोप देताना, पुढच्या महिन्यात आराखड्यातल्या लोकसहभागावर परिसंवाद आहे, जरूर या, असंही त्यांनी आठवणीनं सांगितलं.

हरकतींच्या सुनावणीला करुणा वस्तीच्या लोकांबरोबर उभी राहिली. अधिकाऱ्यानं कागद बघून विचारलं, "नियोजनकार तुम्ही, आणि हरकतही तुमचीच?" मागं दोन-चार जण हसले. माझा नकाशा बदललाय, असं ती म्हणाली. अधिकारी म्हणाला, मूळ नकाशा दाखवा. तो कार्यालयाच्या संगणकात होता, आणि त्या कार्यालयाचं दार आता तिला बंद होतं. अधिकाऱ्यानं नोंद घेतली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

आराखडा रस्त्यासकट मंजूर झाला. मोजणीदारांनी घरांच्या भिंतींवर लाल खुणा केल्या, तेव्हा करुणा अक्काबाईकडं गेली. मावशीनं दोष दिला नाही. चूल पेटवून चहा टाकला आणि म्हणाली, "धरणाच्या टायमाला जागा तरी दाखवली व्हती. खडकाळ का असंना. ह्या बारीला कुठं जायचं आमी?"

उठवलेल्या घरांसाठी जागा आराखड्यात कुठंच दाखवलेली नव्हती. करुणानं चहा घेतला, जयभीम केला आणि ती निघाली.

आता ती बारामतीत एका खाजगी क्लासमध्ये मुलांना चित्रकला शिकवते. संस्थेकडून परिसंवादांची निमंत्रणं येत राहतात, ती उघडत नाही. गुरुजींना गावात अजून कुणी विचारतं, करुणा सध्या काय करते. ते म्हणतात, शिकवते. पुढं काही सांगत नाहीत.