फॉर्मवरचा माझा नंबर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते माहीत नाही. पण सांगायचं तर वंदनापासूनच सुरुवात करावी लागेल.

आम्ही दोघी बुऱ्हाणपूरच्या, मैत्रिणी. एम.टेक. संपल्यावर पीएचडीच्या तयारीत गेलेलं ते वर्ष — इतकं सुखाचं वर्ष मला पुन्हा मिळालं नाही. संध्याकाळी नदीवरच्या राजघाटाच्या पायऱ्यांवर बसून एकमेकींना प्रश्न विचारायचो. हरेल तिने मावा जिलेबी खाऊ घालायची. बहुतेक वेळा मीच घालायचे. वंदना होतीच तशी हुशार. विणताना कापडात राहिलेली खोट कॅमेऱ्याने आपोआप कशी पकडायची, हा तिचा विषय. का नसणार? घरातच वडिलांचे चार यंत्रमाग. एकच मोबाइल, तोही वडिलांच्या खिशात, आणि त्या खडखडाटात तो वाजलेला कोणाला कळायचा नाही. म्हणून फॉर्मवर तिने माझा नंबर दिला.

मुलाखत दोघींनी एकाच दिवशी दिली. फेलोशिपची जागा एकच. फेलोशिपशिवाय पीएचडी ना तिला परवडणार होती, ना मला.

आठवड्याने फोन आला. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते — हे कसं लख्ख आठवतं बघा. मी नाव सांगितल्यावर विभागातले सर म्हणाले, वंदनाची निवड झालीय, तिचा होकार कळवा. ती येणार नसेल तर पुढचं नाव तुमचं आहे. तिचं घर दोन गल्ल्या सोडून. धावत गेले असते तर —

“सर, उसकी तो शादी तय हो गई है,” मी म्हणाले.

खोटं. साफ खोटं. तिला तेव्हा एक स्थळही आलेलं नव्हतं. मग हेच का सुचलं? मुलीचं लग्न ठरलंय म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मीही मुलगीच होते ना. सरांनी खरंच काही विचारलं नाही.

वंदनाला सांगितलं, तुझं नाव लागलं नाही गं, माझं लागलं. तिने मला मिठी मारली. त्या संध्याकाळी मावा जिलेबी तिने खाऊ घातली, आणि मी खाल्ली.

पुढे मी डॉक्टर झाले, प्राध्यापक झाले. ती तिथेच शाळेत कॉम्प्युटर शिकवते. लग्न तिचं चार वर्षांनी झालं. पहिली पत्रिका मला आली. अजूनही घाटाच्या त्या पायऱ्या आठवल्या की जीव हळवा होतो, आणि लगेच स्वतःची शरम वाटते.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. डोईफोडियाची तिची एक जुनी विद्यार्थिनी पीएचडीला अर्ज करतेय. “तिच्या गावात नेटवर्कच नाही गं. फॉर्मवर तुझा नंबर टाकून दिला मी. तेव्हा माझ्या फॉर्मवर टाकला होता ना, तसाच.”

ती माहेरून बोलत होती. मागे माग चालू होते, म्हणून मला दोनदा ‘बरं’ म्हणावं लागलं.