वास घे, मंग बोल

“वास घे, मंग बोल!” असं म्हणत तो उघडा डबा थेट माझ्या नाकाखाली धरायचा. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी अशी सुरू व्हायची. तो ठाण्याच्या खाडीकाठचा कोळी. मी डोंबिवलीचा, घरी अंडंसुद्धा शिजत नाही असा. मासळी ताजी की शिळी हे मला त्यानेच शिकवलं आणि मग सगळ्या खात्याला सांगत सुटला, “या भटाचं नाक आता कोळ्याचं झालंय!”

पुढे त्याला घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून सुरू झाला, त्यावर पांढरं फडकं. आवाज जाणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. वासही गेला, हे त्याने पाटीवर लिहिलं तेव्हा कळलं. कॅन्सरवरच्या किरणांचे शेक घेऊन जिभेची चवही गेलेली. तरी कामावर परतल्यावर डबा माझ्यापुढे यायचाच. ओठ तेच शब्द बोलायचे, पण त्यात आता फुशारकी नव्हती. जेवण नासलेलं नाही ना, एवढंच त्याला माझ्याकडून हवं असायचं.

मे महिन्यातल्या एका दुपारी डबा पुढे धरतानाच त्याला खोकला आला. फडकं ओलं झालं. मला शिसारी आली. हा रोग लागत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, इतरांना मीच सांगायचो. तरी मी श्वास रोखला आणि म्हणालो, “मस्त!”

तो पोटभर जेवला. कालवणातलं खोबरं आंबलेलं होतं. वहिनींनी संध्याकाळी रिकामा डबा उघडताच ओळखलं. तोवर उलट्या सुरू झाल्या होत्या. चार दिवस खाडा पडला.

परत आला तेव्हा त्याने पाटी पुढे केली: “तुला सर्दी झालेली का?”

मी मान डोलावली. तुम्ही म्हणाल, एवढंसं खोटं. मला अजून त्या मानेची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन डबे आणले. एकात चिंबोऱ्यांचा रस्सा, भरपूर मिरी-लसूण घातलेला. पाटीवर लिहिलं होतं: “बायकोने दिलाय. सर्दीवर.” मी खाली मान घालून तो प्यायलो. डोळ्यांतलं पाणी त्याने मिरीच्या खात्यावर टाकलं.

मग त्याने स्वतःचा डबा उघडला आणि नेहमीसारखा माझ्यापुढे धरला. मी इतका वाकलो की नाकाच्या शेंड्याला कालवण लागलं. तो आवाजाशिवाय खदखदून हसला आणि आपल्या रुमालाने माझं नाक पुसलं.

तो जाऊन बरीच वर्षं झाली. सर्दी नव्हती, हे मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.