सीमाताईंनी न केलेली सही

परळच्या आमच्या संशोधन संस्थेत उंदरांचं सगळं सीमाताई मोहिते बघायच्या. लालबागच्या चाळीतून चालत यायच्या आणि साडेसातला कुलूप उघडायच्या. शिक्षण दहावी, नोकरी कंत्राटी, अनुभव एकोणीस वर्षांचा.

मी तिथे पीएच.डी. करत होते. वाढत्या वयात पोटात जाणाऱ्या तेला-तुपाचा हाडांवर काय परिणाम होतो, हा माझा विषय. आईचं दूध नुकतंच सुटलेल्या पिल्लांचे तीन गट केले होते. एकाच्या खाण्यात सोयाबीनचं तेल, दुसऱ्याच्या वनस्पती तूप, तिसऱ्याच्या माशाचं तेल. माशाच्या तेलाने हाडं सगळ्यांत बळकट होणार, अशी माझ्या गाईडची, डॉ. सामंत सरांची, खात्री होती.

दुसऱ्याच आठवड्यात सीमाताई तिसऱ्या गटाचं खाणं मुठीत घेऊन आल्या. "मेघना, हुंगून बघ. खवट झालंय. पिल्लं निम्मं टाकतायत."

सर हसले. "माशाचं तेल आहे ताई, अत्तर नव्हे."

"मासळीचा वास मला कळतो, सर. माहेर गुहागरचं आहे माझं. हा मासळीचा वास नाही."

सर निघून गेले. मी गप्प बसले. तेलाचा डबा फ्रिजमध्ये न ठेवता टेबलावर मीच ठेवला होता, आणि त्यातलंच तेल रोज खाण्यात पडत होतं.

आठ आठवड्यांनी हाडं तपासली. मांडीचं हाड मोडायला किती जोर लागतो, ते यंत्रावर कळतं. माशाच्या तेलाच्या गटाची हाडं सगळ्यांत लवकर मोडली. दुसऱ्या दिवशी सरांनी सीमाताईंपुढे कागद ठेवला : 'माझ्याकडून गटांच्या खाण्याच्या डब्यांची अदलाबदल झाली.'

"सही करा. नोकरीला धक्का लागणार नाही, मी बघतो."

"जे केलं नाही त्यावर सही कशी करू?"

"अहो, फक्त कागदोपत्री."

"कागदावरचंच नाव मागे राहतं, सर." त्यांनी कागद परत सरकवला आणि आपली वही उघडली. "रोज उरलेलं खाणं तोललंय मी. उरलंय ते तिसऱ्याच गटाचं, रोज जास्त जास्त. पोटच भरलं नाही तर हाड कसं धरेल?"

"उद्यापासून येऊ नका."

"येणार. काढायचं तर कारण लिहून द्या."

त्या आल्या. वॉचमनने आत सोडलं नाही, तर गेटपाशी बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ गेले. त्या म्हणाल्या, "राकेश, माझा नवरा, बोलला, कर सही, सोडून दे. मी म्हटलं, न केलेल्या गुन्ह्यांची शिक्षा आपल्या बापजाद्यांनी भोगली तेवढी पुरे."

मी तडक संचालकांकडे गेले आणि टेबलावरच्या डब्याचं सांगितलं. सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण सीमाताई परत कामावर आल्या आणि प्रयोग नव्याने सुरू झाला. तेल फ्रिजमध्ये, खाणं दर आठवड्याला ताजं, आणि सीमाताईंनी हुंगल्याशिवाय एक दाणाही पिंजऱ्यात नाही.

या खेपेला माशाच्या तेलाच्या गटाची हाडं वनस्पती तुपाच्या गटापेक्षा चिवट निघाली. सोयाबीनशी मात्र फारसा फरक नव्हता. सरांनी शोधनिबंधात तेवढंच लिहायला घेतलं.

"आणि पहिली खेप?" सीमाताईंनी दारातूनच विचारलं.

"ती बाद झाली, ताई."

"बाद कशी? वाढत्या पिल्लांना खवट तेल घातलं की काय होतं, ते दिसलं ना? तेही लिहा. ती पिल्लं फुकट मेली काय?"

सर पुन्हा आपल्या कागदांकडे वळले. मी मात्र तिथल्या तिथे लिहायला बसले. तो परिच्छेद निबंधात छापून आला.

सरांनी माफी मागितली नाही आणि सीमाताईंनीही तिची वाट पाहिली नाही. त्यांनी नोकरी कायम करण्याचा अर्ज दिला. तो नामंजूर झाला, तेव्हा दुसरा दिला.