नडुमु म्हणजे नडगी नव्हे

कमरेच्या खाली उजव्या बाजूला, जिथे खळी असते तिथे, मला कितीतरी महिने दुखत होतं. ती जागा डॉक्टरला सांगायची लाज वाटे, म्हणून मी नुसतं "कंबर" म्हणायची आणि औषध भलतीकडेच लागायचं. मग खाली मांडी घालून बसणंही जमेना. तेव्हा धाकट्या जावेने मला आदिलाबादला, हाताने सांधे मोकळे करणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तेलुगू बोलणारे. त्यांनी विचारलं, "नडुमु?" मी साडी वर करून पायाची नडगी पुढे केली. ते बिचारे नडगीच दाबून पाहू लागले.

"अवो बाई, नडुमु म्हंजे कंबर! नडगी काऊन दाखवून राह्यल्या?" जाऊ म्हणाली.

आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. डॉक्टरही हसले आणि हिंदीत म्हणाले, "एका बोटाने जागा दाखवा." हसण्याच्या भरात माझं बोट नेमकं तिथे गेलं.

दुखणं कमरेचं नव्हतंच. कण्याचं खालचं हाड खुब्याच्या हाडाला मिळतं, तो सांधा धरला होता. त्यांनी मला कुशीवर निजवून हलका झटका दिला. कट्ट वाजलं.

"मोडलं वो!" मी ओरडले.

"मोडलं नाही, बोललं," जाऊ म्हणाली.

घरी रोज व्यायाम केला, पाण्याने भरलेली गुंडी कडेवर घेणं सोडलं. डॉक्टरांकडच्या सहाव्या खेपेनंतर एका सकाळी मी जमिनीवर मांडी घातली, काहीच दुखलं नाही, आणि मजेने उठेचना. घरचे चहासाठी हाका मारत राहिले.